धुतल्या पायांचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. हसू नका. साधासुधा टॉवेल नव्हे, सोलापुरी. आणि त्यातही चर्चच्या कामाचा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. धुतल्यावर टॉवेल आटतो, पण टॉवेलची गोष्ट सांगताना फुगते. मी दहा सांगितलं की तुम्ही पाच धरा. फक्त जयवंताचं नाव निघालं की पुरे दहा धरा.

माझा जन्म सोलापूरच्या मागावर झाला. आमचा माग असा खडखडायचा की मोडनिंबच्या म्हशी दचकून दूध चोरायच्या. तिथून गठ्ठ्यात बांधून मी बारामतीच्या एका कापडदुकानात आलो. साल असेल एक्याण्णव. एके दिवशी इंदापूरच्या द्वारकाबाई दुकानात शिरल्या. पांढरं पातळ, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, काखेत पिशवी. त्यांनी मला बोटांत चुरगाळून पाहिलं.

“पाणी पितो का हा?”

“बाई, उजनी धरण पिऊन टाकील,” दुकानदार म्हणाला.

तेव्हापासून मीही जगाला तेच सांगत सुटलोय.

द्वारकाबाई विधवा. मुलगा प्रभुदास पणदऱ्याला दूध संकलनाच्या कामावर. बाई संडेस्कूलच्या शिक्षिका आणि महिला मंडळाच्या प्रमुख. पहाटे चहाच्या आधी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायच्या, आणि वाचलेलं दिवस मावळायच्या आत कुठंतरी उपयोगी पडलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. कुणी आजारी पडलं की पेजेचा डबा घेऊन निघाल्याच. बावडा असो की पळसदेव, एसटीच्या खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत गीत म्हणत जायच्या. बावड्याच्या एका म्हातारीचं अंथरूण त्यांनी स्वतःच्या हातांनी साफ केल्याचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. बाईंची सेवा खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

पण त्यांना कुणाची सेवा चालायची नाही. ताप अंगात असतानाही स्वतःचं पातळ स्वतः पिळायच्या. “प्रभूच्या माणसानं द्यावं. घ्यायला बसू नये,” असं म्हणायच्या.

माझ्या कोपऱ्यात त्यांनी लाल दोऱ्यानं क्रूस भरला आणि मला कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं. वर्षातून एकदाच मी बाहेर यायचो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असे. प्रभूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. तो रुमाल म्हणजे माझा खापरपणजोबा, असं मी कपाटातल्या टेबलक्लॉथला सांगत असे. त्यानं कधी वाद घातला नाही. त्याला इस्त्री होती, अक्कल नव्हती.

आता आमच्या मंडळीची एक खोड ऐका. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पाय धुणार म्हटल्यावर ज्याची निवड व्हायची तो घरी जाऊन आधी स्वतःचे पाय धुवायचा! वजरीनं टाचा घासायच्या, वर खोबरेल. मळका पाय साहेबांच्या हाती द्यायचा म्हणजे घराण्याची लाज. एका वर्षी बावड्याचे सावळाराम आप्पा नळावर पाय धुऊन, पुन्हा माती लागू नये म्हणून मेहुण्याच्या पाठुंगळी बसून चर्चमध्ये शिरले. (यातला मेहुणा खरा आहे.) आणि दारात द्वारकाबाई उभ्या.

“आप्पा, टाच दाखवा.”

“बाई, धुवायच्या आधीच धुतल्यावर साहेबांनी धुवायचं काय?”

“साहेब विधी करतील. घाण आपली आपण घरी काढायची.”

त्यामुळं माझ्यावर कधी डाग पडला नाही. घंगाळातलं पाणी जसंच्या तसं. मी म्हणायचो, पाहा, केवढं पवित्र जिणं!

मधल्या काळात प्रभुदासनं लग्न केलं. मुलगी पळसदेवकडची, चर्चबाहेरच्या घरातली, जयवंता. तिचे वडील मेंढरं राखायचे, आता थोडी शेती. बाईंनी सुनेला घरात घेतलं, जेवू घातलं, लुगडं घेतलं. पण माझ्या कपाटाची किल्ली दिली नाही. “आधी शास्त्र शीक. मग देवाच्या वस्तूंना हात लाव.” जयवंता हसून म्हणाली, “टावेलच हाय न्हवं आत?” बाई आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. मीसुद्धा फुगून बसलो. टावेलच म्हणे!

मग एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासांच्या शेवटच्या आठवड्यात द्वारकाबाईंची उजवी बाजू गेली. सकाळी शास्त्र उघडलं आणि पान उलटायला हातच उठेना. वाचा थोडी जड झाली, पण शुद्ध पक्की. तीच पंचाईत. शुद्ध नसती तर लाजही नसती.

पहिल्याच दिवशी जयवंता बादली घेऊन आली. बाईंनी डाव्या हातानं गोधडी गच्च धरली.

“हात लावू नको. प्रभुदास येईल.”

“आत्याबाई, त्ये सांजच्याला येत्यात. तवर काय वल्यात पडून ऱ्हाणार?”

“राहीन.”

आणि राहिल्या. संध्याकाळी प्रभुदास आला. दारात थांबला, भिंतीकडं तोंड केलं आणि, “आई, मी... जयवंताला सांगतो,” म्हणत मागं सरला. एवढा मोठा माणूस, पण आईकडं त्याला बघवेना. शेवटी जयवंतानंच अंधारात, न विचारता, कसंबसं आवरलं. बाई सगळा वेळ डोळे मिटून दात आवळून होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा उपाय काढला. पाणी प्यायचंच नाही. पाणी प्यालं तर कुणाला तरी बोलवावं लागतं, म्हणून पाणीच बंद. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. डॉक्टर येऊन गेले. “बाई, असंच चाललं तर अर्धांगानं नाही, तहानेनं जाल,” असं तोंडावर बोलले. बाईंनी मान फिरवली. महिला मंडळ येऊन गीत म्हणून गेलं. सगळ्या गीतभर बाई ओल्या अंथरुणात पडून होत्या आणि, देवा, यांना लवकर घरी पाठव, एवढीच प्रार्थना करत होत्या. मंडळातल्या लीलाबाईंनी पदर नाकाशी नेला, मग कुणी पाहिलं का म्हणून पटकन खाली केला. कपाटाच्या फटीतून मला ते दिसलं. मी डांबराच्या गोळीच्या आणखी जवळ सरकलो.

असा तो पाय धुण्याचा गुरुवार उजाडला. सकाळीच निरोप आला: यंदा पाळकसाहेब संध्याकाळी मंडळीसह घरी येऊन सगळ्यांत आधी द्वारकाबाईंचे पाय धुणार.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दारात उभं राहून लोकांच्या टाचा तपासणारी बाई, आणि स्वतःचे पाय असे! डावा हात पोहोचेना. प्रभुदास पणदऱ्याला. घरात एकटी जयवंता.

मग बाईंनी भिंतीशी बोलावं तसं विचारलं, “पाय... धुशील माझे?”

जयवंता भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे ठेवून ती आत आली.

“धुती की. पर आधी पानी प्या.”

“नको.”

“मग न्हाय धुणार. येऊ द्या सायबाला.”

“जयवंता!”

“तांब्याभर. सगळा.”

बाईंनी तांब्याकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं. प्यायल्या. माझ्यासारखा पाणी पिण्यातला जाणकार सांगतो, असं पाणी पिताना मी कुणाला पाहिलं नाही. हनुवटीवरून ओघळ गेला आणि त्यात पाणी किती नि डोळ्यांतलं किती, ते मला कळलं नाही.

जयवंतानं ऊन पाणी आणलं, वजरी आणली. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या धुतल्या. आणि थांबलीच नाही. अंथरूण काढलं, बाईंना कुशीवर वळवलं, पाठ धुतली, सगळं धुतलं. बाईंनी चेहऱ्यावर पदर ओढला.

“लाजताय कशापाई? बावड्याच्या म्हातारीचं तुमीच केलंत न्हवं?”

“ते वेगळं.”

“काय येगळं? तवा तुमी हुब्या हुता, येवढंच.”

जयवंतानं बाहेरच्या दोरीकडं पाहिलं.

“आत्याबाई, सगळी फडकी दोरीवर वली हायेत. कपाटातला तेवढा कोरडा हाय.”

मी मनात म्हणालो, बाई, नाही म्हणा. बाईंनी डोळ्यांनी उशीकडं खूण केली. किल्ली उशीखाली होती.

पुढचं सांगताना माझं सूत अजून आकसतं. पायांपुरतं ठीक होतं. पण मला सगळीकडं फिरवलं, जिथं प्रभूचा तो रुमाल गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही तिथंही. नंतर जयवंतानं मला खळबळलं आणि मागच्या नव्हे, अंगणातल्या पुढच्या दोरीवर टाकलं. मी वाऱ्याला विनवलं, उचल मला, नेऊन टाक उजनीत. वारा ढिम्म. संध्याकाळी सगळी मंडळी माझ्याखालून मान वाकवून घरात गेली.

पाळकसाहेब घंगाळ घेऊन गुडघ्यांवर बसले. बाई म्हणाल्या, “साहेब, माझे पाय धुऊन झालेत.”

“ते दरवर्षीच सगळ्यांचे झालेले असतात, द्वारकाबाई,” साहेब हसून म्हणाले. मागं आप्पा खोकले.

“नाही साहेब. आज खरंच धुतले कुणीतरी. तुमच्या आधी.” शब्द जड येत होते. “मी एवढी वर्षं शिकवलं. धुवून घेणं काय असतं, ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते हलक्यांचं काम.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “जयवंता, इकडं ये. पाय ठेव घंगाळात.”

“अगं बया! ऱ्हाऊ द्या आत्याबाई. गोठ्यातनं आलीया, शेन हाय पायाला. थांबा, नळावर धुवून येती.”

“धुऊन येऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “तशीच ये.”

जयवंता लाजेनं लालबुंद. पण आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. साहेबांनी घंगाळ पलंगाला लावून उचलून धरलं आणि बाईंनी डाव्या, नवशिक्या हातानं सुनेचे पाय धुतले. पाणी पहिल्यांदाच हिरवं झालं. लीलाबाई कपाटातून टेबलक्लॉथ घेऊन धावल्या.

“तो नको. दोरीवरचा आणा.”

मी ओलसर, वासाचा, तसाच आत आलो. जो तो आपापल्या खोबरेल लावलेल्या पायांकडं पाहत होता. गीत कुणी सुरू केलं नाही. प्रभुदास मात्र या वेळी भिंतीकडं वळला नाही. त्यानं पुढं होऊन आईच्या पाठीला हात दिला.

त्याला आता तीन वर्षं झाली. बाई खुर्चीत बसतात, डाव्या हातानं शास्त्राची पानं उलटतात, आणि पाणी वेळेवर मिळालं नाही की घर डोक्यावर घेतात. जयवंता मनात आलं तर चर्चला येते, नाही आलं तर माहेरच्या जत्रेला जाते. बाई एकदाच विचारतात आणि गप्प राहतात. माझा क्रूस उसवलाय, मधोमध विरलोय. शेणाचा तो हिरवट डाग मात्र गेला नाही. घडी घालताना मी तो आत लपवतो, जयवंता उलटी घडी घालून बाहेर काढते. मला अजूनही लाज वाटते. कशाची, ते मात्र आता नीट सांगता येत नाही.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्यांच्यापुढं गीत म्हणण्याआधी पाणी विचारा. आणि उद्या तुम्हीच खिळलात, तर बाबांनो, पाणी प्या. कुणीतरी येईल. येऊ द्या.

बरं, जाऊ का? चुलीपाशी दूध उतू गेलंय, आणि मला हाका सुरू झाल्यात.