अर्धी मिशी

मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. हो, पत्राच! आता माझ्याकडे बघून कुणी दुसरं काही म्हणणार नाही. पण मित्रांनो, माझ्यावर एके काळी एक माणूस होता.

रिसोडच्या बाजारात जमशेदमियाँ भांड्यांवर नावं कोरायचे. गावातल्या जगावेगळ्या माणसांची चित्रं काढायची त्यांना भारी हौस. त्यांनी मला मेण फासलं, सुईनं मेणात चेहरा ओढला आणि तेजाबात बुडवलं. आई गं, अंगाची नुसती लाही लाही! सुईच्या रेघा तेवढ्या तेजाबानं खाल्ल्या आणि माझ्यावर जगदेव उमटला.

हा जगदेव फक्त डावी मिशी ठेवायचा. उजवी रोज साफ. कुणी विचारलं की म्हणायचा, "अर्धी माही, अर्धी मनकर्णेची. तिच्या वाट्याची म्या कायले वाढवू?" अख्खा बाजार हसायचा आणि त्याची बायको मनकर्णाबाई लाजून पदरात तोंड लपवायची.

एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत जगदेव दोन दिवसांत गेला. देवघरात त्याचा टाक, म्हणजे पूजेसाठी पत्र्यावर उमटवलेला चेहरा, बसवायचा होता, म्हणून मनकर्णाबाई चेहऱ्याचा नमुना मागायला आली. जमशेदमियाँनी माझ्यावरून छापलेला एकुलता एक कागद तिला दिला. छापायचं तर पत्र्यावर उलटं काढावं लागतं, पण त्यांचा हात भांड्यांवर कोरायला सरावलेला. चेहराही त्यांनी सरळच काढला होता. छापताना तो उलटला आणि कागदावर मिशी उजवीकडे गेली.

"हा माहा मानूस नोहे," ती म्हणाली. मग तिला मी दिसलो आणि तिनं मला झटकन उचललं. "हे पाहा, हे हायेत!"

जमशेदमियाँनी मलाच तिच्या ओटीत घातलं. घरी येताच तिनं तो कागद चुलीत टाकला. परक्या पुरुषाचं चित्र घरात कशाला?

मी टाक झालो. पंचवीस वर्षं ती रोज सकाळी मला चिंच आणि राखेनं घासायची, "चला, आंघोळ करून घ्या" म्हणायची. एवढा लखलखीत टाक गावात दुसरा नव्हता. मी फुशारून जायचो, वेडा कुठला!

म्हातारपणी तिची नजर गेली. एका दसऱ्याला तिनं मिशीच्या जागी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "रुख्मिणी, मिशी दिसते काय वं?" तिनं सुनेला विचारलं.

"काईच नाई दिसत, आत्याबाई. कोरा हाय."

सुनेचा हात धरून ती बाजारात गेली. जमशेदमियाँ केव्हाच वारले होते. त्यांची लेक अख्तरी म्हणाली, "फिकर करू नको, मावशी. अब्बाचा छापील कागद असंन ना? त्याच्यावरून कोनीबी काढून देते."

मनकर्णाबाई तशीच माघारी वळली. घरी येऊन मला छातीशी धरलं तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. "म्याच पुसलं जी तुमाले. माह्याच हातानं पुसलं."

तेव्हापासून तिनं मला चिंच लावली नाही. मी काळा पडत चाललोय. तरी सकाळी तिचा अंगठा येतो, डाव्या मिशीच्या जागी थांबतो आणि माझ्याजवळ तिला द्यायला काही नसतं. मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणाचा चेहरा असेल, तर धूळ फुंकरीनं उडवा. घासू नका हो.