सरस सुकेपर्यंत

मी राखदाणी बोलतेय. ज्यांच्या घरात सिगारेट ओढत नाहीत त्यांनी नाक मुरडलं तरी चालेल, मला त्याची सवय आहे. हल्ली माझ्या स्वतःच्या घरातही माझ्याकडे कुणी धड बघत नाही. मला टाकूनही देत नाहीत आणि वापरतही नाहीत. माझं नक्की काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि मी कोण हे आता मलाही कळेनासं झालंय.

तसा हा घोळ जन्मापासूनचाच. मी जावा बेटावरची, योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेकडच्या एका कुंभारगावातली माती. मला घडवणाऱ्या बाईला खरं तर चटणी वाटायची कुंडी करायची होती. पण मी चाकावरच एका अंगाला कलले. तिने माझ्याकडे पाहून उसासा टाकला, काठावर अंगठ्याने तीन खाचा पाडल्या आणि मला राखदाण्यांच्या ओळीत नेऊन ठेवलं. माझं आयुष्य असं तीन अंगठ्यांत ठरलं.

बाजारातून मला वागिमिनने घरी आणलं. वागिमिन आणि पार्जियो हे सख्खे भाऊ, बांबूचे पिंजरे करणारे. आमच्याकडे पुरुषमाणसाच्या ओसरीत कवडा घुमला नाही तर घराला घरपण येत नाही, त्यामुळे पिंजऱ्यांना मरण नव्हतं. दोघा भावांची घरं शेजारीशेजारी होती आणि काम चाले धाकट्या पार्जियोच्या पडवीत. एका लांब बाकाच्या दोन टोकांना दोघे बसत आणि मधोमध मी. तीस वर्षं माझी जागा बदलली नाही.

दोघेही लवंगेची सिगारेट ओढत. आता आमच्या गावात सिगारेट ही नुसती ओढायची वस्तू नाही, ते एक माप आहे. मशीद किती लांब, तर अर्ध्या सिगारेटवर. भात किती वेळ मुरू द्यायचा, तर एका सिगारेटभर. पिंजऱ्याच्या कड्यात काड्या बसवून सांध्यांना सरस लावला, की त्यालाही एका सिगारेटभर हात लावायचा नाही. तेवढा वेळ दोघे भाऊ पाय पसरून बसत. वागिमिन बोले, पार्जियो ऐके. कुणाचा कवडा पावसानंतर मुका झाला, कुणाची सासू रुसून माहेरी गेली, असल्या गोष्टी. सिगारेट संपली की वागिमिन ती माझ्यात चिरडी आणि म्हणे, "चल, सुकला."

मग वागिमिनला खोकला लागला. मोठ्या गावातल्या दवाखान्यात त्याला ठेवलं. मी बाकावरच होते, त्यामुळे तिकडचं मला दिसलं नाही. जे कळलं ते पार्जियोच्या तोंडून. भावाला माती देऊन तो घरी आला, पडवीत बसला आणि बायकोला, सुमिराला, म्हणाला, "कांगने परवा सिगारेट मागितली होती. एकच. म्हणाला, खिडकीत बसून ओढतो, कुणाला कळणार नाही." कांग म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ.

"मग?"

"डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी म्हटलं, आधी बरा हो, मग दोघे मिळून ओढू." मग त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि बांबू भिजवायच्या टाकीत बुडवून धरलं. "त्याला नाही दिली. आता मी कोणत्या तोंडाने ओढू?"

तेव्हापासून त्याने सिगारेटला हात लावला नाही. गावाने कौतुक केलं. ज्यांनी स्वतः कधी सोडली नाही त्यांनी जास्तच केलं. पण मी त्याच्या शेजारी होते, मला त्याचे हाल दिसत होते. काम करता करता त्याचा हात माझ्याकडे येई, दोन बोटं फाकलेली. माझ्यावर येऊन तो हात थबके, जणू कुणाच्या घरी जेवायला गेलो आणि दाराला कुलूप दिसलं. मग परत जाई. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी. त्याला सिगारेट हवी होती की भाऊ, हे मला उमजत नसे. त्यालाही उमजत नसावं.

बाजारातल्या कुणी शहाणीने सुमिराला सांगितलं की तलफ आली की तोंडात लवंग धरायला द्यावी. बिचारीने डबीभर लवंगा आणून बाकावर ठेवल्या. आता आमच्या सिगारेटचा सगळा वास लवंगेचाच, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पार्जियोने एक लवंग दाताखाली फोडली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे का हो, पाक?" सुमिराने विचारलं. मुलं मोठी होऊन शहरात गेली तरी ही दोघं एकमेकांना पाक आणि बू, म्हणजे बाबा आणि आई, अशीच हाक मारतात.

"नाही गं, बू. ही तर तीच आहे. फक्त पेटवलेली नाही."

डबी स्वयंपाकघरात गेली. चाळिसाव्या दिवशी सुमिराने मला पालथी घातलं, म्हणजे त्याच्या नजरेला मी पडायला नको, आणि माझ्या बुडावर सरसाची वाटी ठेवली. तिचा हेतू चांगला होता. पण तो आता दर थोड्या वेळाने सरस घ्यायला माझ्याकडेच हात आणू लागला. मला तीन खाचांतून उजेडाच्या तीन फटी दिसत आणि त्यातून त्याची बोटं.

खरा घोटाळा झाला तो सरसाचा. सिगारेट गेली तसं मापही गेलं. किती थांबायचं हे त्याला कळेना. कधी लगेच कड्याला हात घाली, कधी अर्धी दुपार नुसता बघत बसे. एकदा सास्त्रोकाका पिंजरा न्यायला आले. कवड्यांच्या नादापायी तीन वेळा बायकोशी अबोला धरलेला माणूस. त्यांनी पिंजरा आकड्याने उचलला, तर वरचा घुमट हातात आला आणि तळ बाकावरच राहिला.

"पार्जियो, मी पिंजरा सांगितला होता," सास्त्रोकाका म्हणाले. "ही छत्री झाली."

सगळे हसले, पार्जियोही हसला. पण ते गेल्यावर त्याने सुटलेला सांधा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपला. तीस वर्षांत त्याचा सांधा कधी सुटला नव्हता. सुमिराने दुसऱ्याच दिवशी भिंतीवर घड्याळ लावलं आणि मोठा काटा कुठून कुठपर्यंत जाऊ द्यायचा ते दाखवलं. त्याने दोन दिवस ते करून पाहिलं.

"जमत नाही गं," तो म्हणाला. "घड्याळ काही बोलत नाही."

मग आला शंभरावा दिवस. आमच्याकडे माणूस गेल्यावर शंभराव्या दिवशी प्रार्थना होते, जेवण होतं, आणि त्याला आवडणाऱ्या चार वस्तू आतल्या खोलीत मांडतात. प्रार्थनेला येणाऱ्या काही वडीलधाऱ्यांना हे पसंत नसतं, म्हणून आतल्या खोलीत. दुपार कलल्यावर वागिमिनची बायको पायनेम तबक घेऊन आली. गोड काळी कॉफी, तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि लवंगेची एक सिगारेट.

"राखदाणी काढ," ती पार्जियोला म्हणाली. "फोडली नाहीस ना?"

साठ दिवसांनी मी उताणी झाले. एवढा उजेड मला सोसेना. आतल्या खोलीत मला तबकाशेजारी ठेवल्यावर पायनेमने सिगारेट त्याच्यापुढे धरली. "पेटव. धाकट्याने पेटवायची असते."

सुमिरा मधे आली. "यू, मी पेटवते." यू म्हणजे ताई. "पेटवायची म्हणजे ओढावी लागणार. यांनी शंभर दिवस काढलेत."

"माझेही शंभरच झालेत, सुमिरा," पायनेम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सुमिरा बाजूला झाली.

पार्जियोने सिगारेट घेतली. बोटांत ती अशी बसली जशी कधी गेलीच नव्हती. त्याने ती ओठांपाशी नेली आणि मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. राखदाणीच मी, मला राख हवीच असते. त्या एका क्षणात मी कुणाच्या बाजूची होते हे अजून मला सांगता येत नाही.

त्याचा हात खाली आला. शेजारी धूप घालायला निखारे होते. त्याने सिगारेटचं टोक निखाऱ्यावर धरलं, ते लाल झालं, आणि त्याने ती माझ्या मधल्या खाचेत ठेवली. सुमिरा निश्चिंत होऊन जेवणाचं बघायला गेली. पण ओढली नाही तर आमची सिगारेट धड जळत नाही. टोक काळं पडू लागलं.

"अर्धी टाकून उठणारा माणूस नव्हता तो," पायनेम म्हणाली.

पार्जियोने चुलीपाशी लटकवलेला बांबूचा पंखा आणला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि हळूहळू वारा घालू लागला. टोक पुन्हा लाल झालं. धूर उलटून त्याच्याच तोंडावर येत होता, तरी तो हलला नाही.

"घे, कांग," तो म्हणाला. "त्या दिवशी मागितलीस, मी दिली नाही. चुकलं माझं. चुकलं की नाही तेही नीट कळत नाही. पण घे आता." मग तो पुन्हा बोलू लागला, जन्मभर ऐकून घेणारा तो माणूस. "सास्त्रोकाकांच्या हातात पिंजऱ्याची छत्री दिली मी. तू असतास तर हसून हसून मेला असतास." आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो स्वतःच हसला, आणि मग रडला. पायनेमही रडली. वारा घालायचं काही त्याने थांबवलं नाही. सिगारेट शेवटपर्यंत जळली, राख माझ्यात पडली आणि त्याने सवयीने थोटूक चिरडलं.

बाहेर आल्यावर सुमिराने हळूच विचारलं, "ओढलीत का हो?"

"ओठाला नाही लावली. पण छाती भरली. ओढल्यावर भरते तशीच भरली. आता ही धरायची की नाही, तूच सांग."

सुमिराने त्याच्या सदऱ्यावर उडालेली राख झटकली.

आता मी पुन्हा बाकावर आहे, उताणी. पार्जियोने माझ्यातली राख भावाच्या कबरीपाशी नेऊन ओतली आणि माझ्यात पिंजऱ्याच्या बारीक खुंट्या ठेवल्या. हात अजून येतो, दोन बोटं फाकलेली, पण आता एखादी खुंटी घेऊन परत जातो. सरस लावून झाला की तो पाय पसरतो आणि बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बघून गावातलं सगळं सांगत बसतो. सांगायचं संपलं की उठतो. परवा सास्त्रोकाकांनी नवा पिंजरा आकड्याने उचलून तीनदा हलवून पाहिला आणि काही न बोलता घेऊन गेले. हे सिगारेट सुटणं म्हणायचं की डोकं फिरणं, मला कळत नाही. माझं एवढंच मागणं आहे की मला फोडू नका आणि पालथी घालू नका. त्याचा हात कुठेतरी यायला तर हवा.

काल बोलता बोलता तो मधेच थांबला. माझ्या रिकाम्या खाचेवर त्याने बोट फिरवलं.

"कांग, आज फार ओढावीशी वाटतेय रे."

मग त्याने कड्याला बोट लावून पाहिलं.

"चल," तो म्हणाला, "सुकला."