लाल ठिपक्यांच्या गोळ्या

कोल्हापूरकराला कशाचंही दान करायला सांगा, तो मागंपुढं बघत नाही. गणपती नदीत सोडू नका म्हटलं, मूर्ती दान केली. होळीत पोळी जाळू नका म्हटलं, पोळी दान केली. स्मशानात शेणी, म्हणजे गोवऱ्या, कमी पडल्या तर तालमीची पोरं ट्रॅक्टर भरून शेणी नेऊन देतात आणि चौकात फलक लावतात. चांगलीच गोष्ट आहे, नावं ठेवायला जागा नाही. फक्त या माणसांना काही फेकून द्यायला सांगू नये. ते त्यांना जमत नाही.

अनुजाला हे ठाऊक असायला हवं होतं. तिचा जन्म पेठेतला, आणि चौदा वर्षं तिचं मेडिकलही पेठेतच. घरोघरी उरलेल्या गोळ्यांचं लोक काय करतात हे ती रोज बघत होती. कुणी घंटागाडीत टाकी, कुणी मोरीत ओती, कुणी निर्माल्याच्या पिशवीत घालून पंचगंगेत सोडी. एकदा कचऱ्याच्या कोंडाळ्यावर चरणाऱ्या गाईच्या तोंडातून तिनं गोळ्यांचं अख्खं पाकीट ओढून काढलं आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं. दवाखान्यांचा कचरा भट्टीत जाळायला नेणारी गाडी पेठेतून जायचीच. महिन्यातून एकदा आपलीही उरलेल्या औषधांची पिवळी पिशवी न्यायची, एवढं तिनं गाडीवाल्यांकडून कबूल करून घेतलं. राहिली औषधं टाकायची पेटी. ती तालमीच्या दारात ठेवायची ठरली.

तालमीचा अध्यक्ष उदयसिंह. माणूस मनानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. "ताई, नवी पेटी कशाला? गणपतीतली आपली दानपेटी वरीसभर माळ्यावरच पडून असतीया. रंग मारला की झालं."

पिवळा रंग मारला, पण पैसे टाकायची चीर तीच, कुलूप तेच, आणि रंगाखालून वरचा ओम दिसायचा तो दिसतच राहिला. किल्ली नेहमीप्रमाणे अध्यक्षाकडं. अनुजानं वर कागद चिकटवला: उरलेली आणि मुदत संपलेली औषधं इथं टाका, ती जाळली जातील, पाकीट कात्रीनं कापूनच टाका. शेजारी दोरीला कात्रीसुद्धा बांधली. कापलेलं पाकीट कुणी परत विकत नाही आणि कुणी खातही नाही, एवढा साधा हिशेब.

पहिल्या दिवशी सुरुवात म्हणून तिनं आपल्याच घरची औषधं आणली. तिचे वडील, आण्णा, माघात गेले. उद्यमनगरात फाउंड्रीत उभी हयात घालवलेला माणूस, शेवटी डोळ्यांनी अधू झाला होता. साखरेच्या आजारावर त्यांना दोन वेळा गोळी लागायची. पाकिटावरचं वाचता येत नाही म्हणून अनुजा दर रविवारी नेलपॉलिशची बाटली घेऊन बसायची. सकाळच्या पाकिटावर एक लाल ठिपका, रात्रीच्या पाकिटावर दोन. आण्णा बोटानं ठिपके चाचपायचे आणि म्हणायचे, "माझी पोरगी हुशार हाय." ते गेले तेव्हा सात पाकिटं उरली. पाच महिने ती बिस्किटाच्या डब्यात तशीच होती.

तिनं कात्री हातात घेतली आणि ठिपके दिसले. हात चालेना. आपली एवढी सातच तर आहेत, शेवटी सगळं जळणारच आहे, असं म्हणून तिनं ती अख्खीच पेटीत सोडली आणि डोळे पुसून दुकानात आली. पुढं तीन आठवडे पेठेतल्या लोकांवर "कापून टाका, कापून टाका" म्हणून ओरडायला हीच बाई पुढं होती.

लोक टाकत होते. चप्पल काढून, पेटीला हात जोडून टाकत होते. एक बाई तर दुकानातून तापाच्या गोळ्यांचं कोरं पाकीट विकत घेऊन गेली आणि म्हणाली, "देवाच्या पेटीत फाटकं-तुटकं कसं टाकू?" अनुजाला हसू आलं. त्या हसण्याची तिला नंतर जन्मभर लाज वाटणार होती.

श्रावणात भाचीच्या बारशाला ती चार दिवस पुण्याला गेली. बुधवारी सकाळी परत येऊन बघते तर पेटी रिकामी.

"मोकळी केली, ताई," उदयसिंह खुशीत म्हणाला. "रविवारी पाथरवाडीला शिबिर घेतलं, शाहूवाडीच्या वरच्या अंगाला. औषधदान! कापल्यालं दिलं टाकून. अख्खं हुतं तेवढं वाटलं. बत्तीस घरं, एक बी माणूस रित्या हातानं गेलं न्हाय."

"जाळायचं होतं ते!" अनुजा किंचाळली. "कागद वाचला न्हाईस? डॉक्टर तरी नेला होतास?"

"डॉक्टर कशाला? इचारून इचारून दिलं की. डोकं दुखतंय त्याला डोक्याची, ताकद न्हाय त्याला ताकदीची. आणि ताई, दानाच्या पेटीतलं जाळायचं म्हंजे... पाप लागतंय." त्यानं फोन पुढं केला. "फोटो तरी बघा."

फोटोत एक म्हातारी दात नसलेल्या तोंडानं हसत होती आणि तिनं दोन्ही हातांत एकेक पाकीट वर धरलं होतं. एकावर एक लाल ठिपका. दुसऱ्यावर दोन.

"हिला काय म्हणून दिलंस?"

"हातपाय गळत्यात म्हणली. ठिपक्याची दिली. कुणीतरी खूण करून जपून ठेवल्याली, म्हंजे भारीच औषध असणार की."

अनुजानं फोटोतल्या पाकिटावर बोट ठेवलं. "साखर उतरवायची गोळी हाय ती, उदय. जिला आजारच न्हाई तिनं खाल्ली तर ती उठायची न्हाई."

उदयसिंहाचं तोंड उतरलं. त्याचं एक बरं, त्यानं वाद घातला नाही, गाडी काढली. मलकापूरच्या पुढं रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरं, आणि गाडीत दोन माणसं एकमेकांकडं न बघता बसलेली. "हेतू वाईट न्हवता, ताई," तो एकदा म्हणाला. तिनं त्याला कुठल्या तोंडानं बोल लावावा? पेटीत अख्खी पाकिटं टाकणाऱ्यांत पहिला नंबर तिचाच होता. अडाण्यांना शिकवायला निघालेली शहाणी, आणि स्वतःच्या बापाच्या वेळी हातातली कात्री चालली नाही. तिला स्वतःचाच संताप आला होता.

पाथरवाडीत देवळापुढं गाडी थांबली तशी माणसं गोळा झाली. पुन्हा काहीतरी वाटप आहे असंच सगळ्यांना वाटलं. अनुजानं हात जोडून सांगितलं की रविवारच्या गोळ्या खाऊ नका, सगळ्या परत आणून द्या.

"दिल्यालं परत मागत्यात व्हय?" एक बाप्या म्हणाला. "शेरातली चाल हाय का ही?"

पुष्कळ विनवण्या केल्यावर थोडी पाकिटं आली. त्यात ठिपक्यांची तीन होती. अनुजानं फोनमधला फोटो दाखवून विचारलं, ह्या आजी कुठं राहतात?

"बायडाबाई. ती गेली की काल," एकजण म्हणाला.

बायडाबाईचा मुलगा केरबा ओसरीवर बसला होता. शहरातली माणसं आईच्या दुखवट्याला आली म्हणून त्याला गहिवरून आलं. त्यानं घोंगडं अंथरलं आणि आपणहून सांगायला लागला.

"लई खूश हुती बगा म्हातारी. आमच्या वाडीत औषध द्यायला आजवर कोण आलंय? कवा खायाची ते सांगाय इसरलं कुणीतरी, पर तिनंच ताडलं. एक ठिपका म्हंजी सकाळ, दोन ठिपकं म्हंजी सांज. शाळंची पायरी न्हाय चढली, पर डोकं लई हुतं."

"कधी कधी घेतल्या त्यांनी?" अनुजानं विचारलं.

"रविवारी सांजची घेतली, सोमवारी सकाळची घेतली. सोमवारचा तिचा कडक उपास. दिवस बुडायला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागलं, कायबाय बडबडली. आमी म्हणलं, उपासानं ताकद गेली असंल. म्हणून सांजची गोळी मीच माझ्या हातानं दिली आन् निजवलं. मंगळवारी उठलीच न्हाय. श्रावणी सोमवार करून गेली, पुण्यवान म्हातारी."

उदयसिंहानं अनुजाच्या हाताला हळूच चिमटा काढला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ. तिनं हात झटकला.

"केरबादादा, त्या गोळ्या ताकदीच्या न्हवत्या," ती म्हणाली. "माझ्या वडलांच्या होत्या त्या. साखर उतरवायच्या. ठिपके मी काढलेत. पेटीत मीच टाकल्या, न कापता. तुमची आई त्यानं गेली."

केरबानं विचारलं, "तुमचं वडील खाईत हुतं ह्या?"

"हो."

"किती वरसं?"

"अकरा."

"मग?" केरबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "अकरा वरसं ज्यानं माणूस जगलं, त्यानं आमची म्हातारी कशी मरंल? वडलांच्या दुक्कानं तुमी असं बोलताय, बाई. दानाच्या औषधानं कोण मरतंय व्हय? तिचं दिवस भरलं हुतं."

त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो उठून आत गेला आणि कागदात गुंडाळलेली दोन पाकिटं घेऊन आला. एका पाकिटातली एक गोळी संपली होती, दुसऱ्यातल्या दोन.

"मेल्या माणसाचं औषध घरात ठिवत न्हाईत. आमीच तालमीला परत धाडणार हुतो. दुसऱ्या कुणाला तरी गुण यील."

अनुजानं पाकिटं घेतली. ती अंगणात गेली. गोठ्यापुढं ताज्या शेणाचा पो पडला होता. तिथंच उकिडवी बसून तिनं आण्णांच्या गोळ्या एकेक करून फोडल्या, देवळात परत मिळालेल्या तीन पाकिटांतल्यासुद्धा, आणि पुन्हा कुणी खाऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी शेणात कालवल्या. ती रडत होती आणि कालवत होती.

केरबाची बायको दारात उभी राहून बघत होती. "चांगलं औषध शेणात घातलं की बाईनं," ती शेजारणींना म्हणाली. "आसल्यांस्नी काय किंमत दानाची?"

हाताखालची पाकिटं अनुजानं मोजली. पाच. डब्यात सात होती. तिनं मान वर केली. शेजारच्या ओसरीवर दोन बायका उभ्या होत्या आणि त्यातली एक घाईघाईनं काहीतरी ओच्यात खोचत होती. कापडात जाता जाता त्यावरचे दोन लाल ठिपके अनुजाला स्पष्ट दिसले.

"मावशी, ते खाऊ नका!" ती ओरडत धावली. दोघी चटकन आत वळल्या. शेणानं माखलेल्या हातांनी अनुजा दारावर थापा मारत राहिली, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.