पोटच्या पोराची कवळी

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कवळीवाले मागच्या खोलीची खिडकी उघडत, ॲप्रनच्या नाड्या बांधत आणि आदल्या दिवशीचे साचे बोटाने ठोकून बघत. प्लास्टर नीट सुकलं असेल तर आवाज खणखणीत येतो, ओलं असेल तर बद्द येतो. पस्तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे दात करत आला होता. सगळा भाग त्यांना कवळीवाले म्हणूनच ओळखे. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवत, हे मेणात दात रचत, गुलाबी हिरडी चढवत, शिजवत, घासत, चकचकीत करत. गिऱ्हाइकाला मात्र गोड बोलून कधी फसवत नसत. "पहिले पंधरा दिवस टोचणार. मला शिव्या द्याल. द्या खुशाल," असं आधीच सांगून टाकत. कवळीवाल्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे.

त्या सकाळी टेबलावर वरच्या दातांची एक कवळी होती. तिच्याबद्दल त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. ती त्यांच्या मुलाची होती आणि मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होता.

घरात त्याला चिमण म्हणत. लहानपणी चिमणीएवढं खायचा म्हणून आईने ठेवलेलं नाव. मोठेपणी तो पार्सलच्या गोदामात लागला. दोन-दोन पाळ्या सलग करायच्या, खोकी चढवायची, उतरवायची. तिथेच कुणीतरी त्याला काचेच्या नळीतला पांढरा खडा दाखवला. मेथ म्हणतात त्याला. गोदामात बर्फ म्हणायचे. ओढला की झोप, भूक, थकवा सगळं गुल. पहिले काही महिने चिमण तिघांचं काम एकटा करायचा. मुकादम म्हणायचा, "पोरगा नाही हा, घोडा आहे घोडा." कवळीवाले ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे. या गोष्टीची त्यांना पुढे इतकी लाज वाटली की आरशात बघून दाढी करणं नको व्हायचं.

मग घोडा तीन-तीन दिवस झोपेनासा झाला आणि झोपला की दोन दिवस उठेनासा. एकदा दुपारी त्याने घरातले सगळे स्विचबोर्ड उघडून तारा बाहेर काढल्या, कारण आतून कुणीतरी त्याचं बोलणं ऐकत होतं. नोकरी गेली. हातांवर खाजवून खाजवून जखमा झाल्या. आणि दात! तोंड कोरडं पडून आणि सतत दातांवर दात घासून वरचे सगळे दात काळे पडले, मुळाशी कुजले. उभ्या जन्मात हजारो तोंडं पाहिलेल्या बापाने ते तोंड पाहिलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

दंतवैद्य बाईंनी दात काढले आणि स्पष्टच सांगितलं, "दात तुम्ही कराल हो. पण ह्याला आधी व्यसनमुक्ती केंद्रात न्या. मेथवर एका गोळीचा इलाज नाही. तपासणी, समुपदेशन, रोजची शिस्त, असे महिनोन्‌महिने जातात. आणि घरच्यांनीही यायचं असतं, दर बुधवारी दहा वाजता. लपवून हा आजार बरा होत नाही."

घरी येताना चिमण तोंडात कापूस धरून हळूच म्हणाला, "बाबा, मला भरती करा. मला एकट्याला नाही जमणार."

कवळीवाले म्हणाले, "बघू."

हा 'बघू' मोठा वाईट शब्द आहे. घरी अक्का येऊन बसली होती. अक्का म्हणजे कवळीवाल्यांची थोरली बहीण, जिच्यापुढे त्यांची साठीतही मान वर होत नसे. केंद्राचं नाव ऐकताच तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? केंद्राच्या दारात उभा राहिलास की संध्याकाळपर्यंत गावभर होईल. मग मुलगी कोण देणार त्याला? त्यापेक्षा लग्न लावून टाक. डोक्यावर जबाबदारी पडली की आपोआप ताळ्यावर येतो माणूस."

"वन्सं म्हणतात तेही खरंच आहे," चिमणची आई म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले होते आणि बुडत्याला काडीचा आधार हवा होता.

मुलगा बिघडला की औषध म्हणून दुसऱ्याची मुलगी आणायची, हा आपला घरोघरचा इलाज. औषध कडू लागलं की दोष औषधालाच द्यायचा. कवळीवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण केंद्राच्या बाकावर ओळखीच्यांनी आपल्याला पाहिलं तर, या विचाराने ते केंद्राचा विषयच टाळत. शेवटी त्यांनी जे आपल्याला येतं तेच केलं. ते दात करायला बसले.

असे दात त्यांनी आयुष्यात केले नव्हते. चिमणचा कॉलेजातला फोटो समोर ठेवून रंग जुळवला. डावीकडचा सुळा त्याचा जरासा पुढे असायचा, तसाच ठेवला. अगदी सरळ रांग लावली की बघणाऱ्याला नकली आहे हे कळतं. समोरच्या एका दाताच्या कडेला बारीकशी झीज दाखवली. आठ दिवस खपून त्यांनी पोराचं जुनं हसू परत केलं. कवळी बसवल्यावर आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माझं लेकरू परत आलं गं बाई!" लेकरू कुठलं, फक्त दात परत आले होते. चिमण आरशात बघत राहिला. भरतीचं त्यानेही पुन्हा काढलं नाही आणि बापानेही नाही.

स्थळ अक्कानेच आणलं. मुलीचे वडील बसचे निवृत्त ड्रायव्हर, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. ड्रायव्हरसाहेब कवळीवाल्यांचे जुने गिऱ्हाईक निघाले. रविवारी चार वाजता ते मुलीला घेऊन आले आणि बसता बसताच खदखदून हसले.

"चौकशी करा, चौकशी करा, म्हणून सगळे मागे लागले होते. म्हटलं, कसली डोंबलाची चौकशी! ज्याचे दात तोंडात घालून मी सहा वर्षं खारे दाणे खातोय, त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा? काय?"

"अगदी," अक्का म्हणाली.

"मुलगा निर्व्यसनी आहे ना? बास. तेवढंच विचारतो."

"सुपारीच्या खांडाचंही नाही," अक्काने परस्पर उत्तर देऊन टाकलं. कवळीवाले चहाच्या कपाकडे बघत बसले.

चिमण मोरीतून जरा उशिरा बाहेर आला. आला तो भरभर बोलतच आला. गोदामातले किस्से, मुकादमाच्या नकला, एकावर एक. ड्रायव्हरसाहेब हसून हसून लोटपोट झाले. पण कवळीवाल्यांनी पोराच्या डोळ्यांतली नको तेवढी चमक पाहिली, गुडघ्यावर टकटकणारी बोटं पाहिली आणि ते मनातून चरकले. आजसुद्धा! आईनेही पाहिलं होतं. तिने सफरचंदाच्या फोडींची बशी उगाचच सगळ्यांपुढे दोनदा फिरवली.

मुलगी तोवर गप्प होती. चिमणने दोन्ही वेळा बशी पुढे सरकवली, ते तिने पाहिलं. त्याचं बोलणं ती जरा कान देऊन ऐकत होती.

"राग येणार नसेल तर एक विचारू?" ती म्हणाली. "वरचे दात नवे आहेत ना तुमचे?"

सगळ्यांनाच एकदम कंठ फुटला.

"अपघात झाला होता हो," आई म्हणाली.

"गाडीवरून पडला," अक्का म्हणाली. "कुत्रं आडवं आलं."

"वळणावर," चिमण म्हणाला. "खडी होती."

कुणीही तालीम केलेली नव्हती. तरी कुत्रं, वळण, खडी, सगळं जागच्या जागी येऊन बसलं. आपलं घर खोटं बोलण्यात इतकं तरबेज कधी झालं, ते कवळीवाल्यांना कळेना.

मुलीने विश्वास ठेवला. तिचा चेहरा खरोखर कळवळला. "अरेरे! फार लागलं असेल. बाबांची कवळी मीच रोज धुते, त्यामुळे 'स' बोबडा ऐकला की मला कळतं. एक सांगू? रोज सकाळी मोठ्यांदा पेपर वाचायचा. बाबांनी महिनाभर वाचला, जीभ सरावली." आणि मग जराशी लाजून, खाली बघत ती म्हणाली, "पुढे हवं तर आपण मिळून वाचू."

ड्रायव्हरसाहेबांनी कौतुकाने लेकीच्या पाठीवर थाप मारली. अक्काने भावजयीकडे बघून डोळ्यांनीच 'जमलं' म्हटलं. सगळं जमलंच होतं. आता कवळीवाल्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याची त्यांना चांगली सवय झाली होती. पण ती पोर कोणाच्या शेजारी बसून पेपर वाचणार होती, ते त्यांना लख्ख दिसलं. उघडे स्विचबोर्ड दिसले. तीन दिवस न झोपलेला नवरा दिसला. दाराआड उभी राहून माहेरी काय सांगावं याचा विचार करणारी तीच दिसली. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाळ," ते म्हणाले, "अपघात नव्हता."

"अरे, चहा घे आधी," अक्का म्हणाली.

"अक्का, तू गप्प बस." जन्मात पहिल्यांदा ते तिला असं बोलले. मग ड्रायव्हरसाहेबांकडे वळून, गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी एकेक सांगितलं. "तो मेथ ओढतो. तीन वर्षं झाली. दात त्यानेच गेले. आजही ओढून बसलाय. मला भरती करा म्हणून तो स्वतः सांगत होता, मीच केलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून केलं नाही. त्याऐवजी हे दात करून दिले, तुम्हाला दाखवायला."

आईने तोंडात पदर कोंबला. ड्रायव्हरसाहेब उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"मी चौकशीच केली नाही हो," ते पुटपुटले. "तुमचं नाव ऐकलं आणि चौकशीच केली नाही." मग त्यांचा आवाज चढला. "सहा वर्षं ओळखतो तुम्हाला! माझ्या पोरीला आई नाही, हे ठाऊक होतं ना?"

"होतं," कवळीवाले म्हणाले.

बापाचा हात धरून मुलगी जिना उतरली.

"हातातोंडाशी आलेला घास घालवलास," अक्का कडाडली. "स्वतःच्या पोराचा वैरी आहेस!"

"आपण घास त्या पोरीचा घेणार होतो, अक्का."

चिमण खुर्चीतच बसून होता. त्याने अंगठ्याने कवळी खाली ओढली आणि बशीत सफरचंदाच्या फोडींवर ठेवली. गाल आत गेले आणि अठ्ठावीस वर्षांचा पोर क्षणात सत्तरीचा दिसू लागला.

"मी भरती करा म्हटलं तेव्हा तोंड शिवून बसलात," तो म्हणाला. दातांविना शब्द फसफसत होते, तरी एकूण एक कळत होता. "आणि आज परक्यांपुढे उघडलंत. कुणासाठी? तिच्यासाठी. माझ्यासाठी नाही."

"चुकलो मी. चल, आत्ता जाऊ. मी येतो."

"तेव्हा आलो असतो, बाबा."

तो चपला घालून निघून गेला. अंधार पडायच्या आत येईल म्हणून आईने दार लोटून ठेवलं. ते दार अजून रोज लोटलेलंच असतं. एकदा कुठल्याशा नंबरवरून फोन आला, पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि आई "चिमण, चिमण" म्हणेपर्यंत बंद झाला. पोलिसांत वर्दी दिली. गोदामात खडा पुरवणारे दोघे पकडले गेले, त्याची बातमीही आली. चिमणचा पत्ता लागला नाही. कवळीवाल्यांनी वेळेवर त्याला भरती केलं असतं तर तो आज बरा झाला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. तो विचार मात्र त्यांची पाठ सोडत नाही.

तीन महिने गेले. एका सकाळी मागच्या खोलीत एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, कचेरीतल्या साहेबासारखे. दंतवैद्याची चिठ्ठी नव्हती. कवळीवाल्यांनी सवयीने खुर्ची खिडकीकडे फिरवली. "तोंड उघडा."

गृहस्थांनी उघडलं. बत्तीसच्या बत्तीस दात धडधाकट.

"अहो, तुमचे दात तर माझ्यापेक्षा चांगले आहेत!"

"माझे आहेत." गृहस्थांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुलीचे नाहीत. चोवीस वर्षांची आहे. तुमच्या मुलासारखंच. ऐकलं की तुम्ही त्याचे इतके बेमालूम केले होते की कुणाला संशयसुद्धा आला नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं म्हणे. तिचं लग्न ठरतंय. गुपचूप करून द्याल का?"

सबंध गावाने त्यांची गोष्ट ऐकली होती आणि तिच्यातून हे उचललं होतं.

"दात मी करून देईन," कवळीवाले म्हणाले. "खायला लागतात. पण लपवायला नाही. बुधवारी दहा वाजता तिला केंद्रात घेऊन या. आधी ते."

"तिथे सगळे बघतात हो."

"बघतात. मलाही बघतात. मी दर बुधवारी असतो, दारातल्या पहिल्या बाकावर. माझ्या शेजारी बसा."

गृहस्थ खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा येतो का तिथे?"

"नाही," कवळीवाले म्हणाले. "मी एकटाच जातो. तुमची मुलगी अजून घरात आहे."