शार्दोनेकर

रविवार पेठेतल्या नासिर अत्तरवाल्यानं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता, आणि नेमका म्हणूनच तो मुसाला हवा होता.

मुसा म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्यातला म्हातारा फरासीस गोलंदाज. तीस वर्षं तोफांचा धूर खाल्ल्यावर त्याच्या नाकानं राजीनामा दिला होता. गुलाब आणि गोठा त्याला सारखेच. अशात फ्रान्समधल्या त्याच्या गावाहून, पुदुच्चेरीमार्गे, पांढऱ्या द्राक्षाच्या दारूच्या सहा बाटल्या निघाल्या. तीन पोचल्या, बाकीच्या वाटेतल्या चौक्यांनी फार बारकाईनं तपासल्या होत्या. सोबत चिठ्ठी नव्हती.

"डोंगरावरचं आमचं शेत भावानं राखलंय की विकलंय, ते या वासातनं कळेल," मुसा म्हणाला. "कसं, ते सांगणार नाही. सांगितलं की तुला तेच येईल. परत जाणं आता माझ्यानं होत नाही, पण आपलं घर आहे की नाही एवढं तरी कळू दे."

"तोफखान्यात कुणाला विचारलंत?"

"चाळीस जणांना. त्यांना काहीही पाजलं तरी झकासच म्हणतात. तू मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

"मी पुण्यात दुकान चालवतो, मुसासाहेब," नासिर म्हणाला. "ती सवय नाही."

त्यानं कापसाचा फाया भिजवला. बाटली विहिरीत गार केलेली. दारू गार होती तोवर वासानं तोंड उघडलं नाही. नासिर घाई न करता बसून राहिला.

"महाळुंगाची साल," तो शेवटी म्हणाला. "मागून लोणी, कढायला ठेवल्याबरोबर येतं तसं. किंचित बदाम. लाकूड."

"ते पिंपाचं. आणि द्राक्ष?"

"तेच सापडत नाही. आमच्या चंदनाच्या तेलासारखं आहे हे. आपण मागे बसतं, आणि ज्याच्यापाशी ठेवाल त्याचा वास धरतं. नाव काय या द्राक्षाचं?"

"शार्दोने."

"गावाचं?"

"तेही शार्दोने."

"मग आमच्यातलेच की. शार्दोनेकर."

मुसा हसला नाही. "आणखी?"

"तळाशी एक आहे. रोजचा आहे, पण नाव येत नाही."

"अत्तरवाला म्हणे," मुसा म्हणाला.

हे लागलं. नासिर फाया डबीत घालून घरी आला. त्याची बायको अख्तरबानू पाट्याशी बसली होती.

"अहो, हे काय घरात आणलंत?"

"नुसता वास आहे. प्यायचं नाही."

"वासाला सूट आहे, हे काझींना विचारलंत वाटतं." पण वीस वर्षं अत्तराच्या घरात काढलेली बाई, तिनं डबी नाकाशी नेली. "यात काय अडलं तुमचं?" तिनं पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. "घ्या वास. ओला दगड."

नासिरनं तसं जाऊन सांगितलं. मुसानं बाटली दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"खाली सगळी चिकणमाती," तो म्हणाला. "दगड फक्त वरच्या शेतात. विकलं नाही त्यानं." मग म्हणाला, "तो पाटा विकत देशील?"

"पाटा विकत नसतात," अख्तरबानूनं निरोप धाडला. "बघायचा तर या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसा अंगणात येऊन बसला. नासिरनं पाट्यावर पाणी ओतलं. मुसानं वाकून वास घेऊन पाहिला. काही आलं नाही. मग त्यानं तळहात त्या ओल्या दगडावर ठेवला, आणि उचलला नाही. नासिर उगाचच सुपारी शोधू लागला.

"मिरच्या वाटल्यात म्हणावं," दाराआडून अख्तरबानू म्हणाली. "हात डोळ्यांना लावू नका."

मुसानं लावला.

"तिखट आहेत," तो डोळे पुसत म्हणाला.

"लवंगी," अख्तरबानू म्हणाली. त्या पाट्यावर सकाळपासून फक्त खोबरं वाटलं होतं.