मागे ओढलेली लाल रेघ

"आक्का, चाव्या ठिवल्या का बराबर?" जीपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून रामप्रसादनं विचारलं.

"ठिवल्या रे."

"आन् म्हशीकडं ध्यान ठिव. आजचंच दिसून राह्यलंय तिचं."

"तू जा बाबा. मुहूर्त गाठ पोरीचा."

जीप हलली. तिच्यामागं वऱ्हाडाचा टेम्पो हलला. केदारखेड्याच्या रस्त्यावरची धूळ उठली, बसली, आणि कौसल्या अंगणात एकटी उरली. दाराला आंब्याचं तोरण, भिंतीवर 'शालू' आणि नवरदेवाचं नाव रंगवलेलं, आणि घरात माणूस नाही. लग्नघरासारखं रिकामं घर दुसरं नसतं.

लग्नाला सगळं घर जातं, पण घराला काही कुणी उचलून नेत नाही. दागिन्यांची पेटी रिकामी झाली तरी कोठीत धान्य असतं, दावणीला जनावरं असतात. कुणी तरी मागं राहावंच लागतं. रामप्रसादच्या घरात ते कुणी तरी म्हणजे त्याची थोरली बहीण कौसल्या. नवरा गेल्यावर ती विशीच्या आतच माहेरी परतली होती. पुढं रामप्रसादचं लग्न झालं तेव्हाही घर तिनंच राखलं. त्यानंतर चुलतभावांची लग्नं झाली, त्यांच्या पोरांची बारशी झाली. तिला कुणी 'राहा' म्हणालं नाही, तसं 'चल'ही म्हणालं नाही. मांडवात विधवेनं पुढं पुढं केलं, असं कुणी म्हणण्याआधी तीच म्हणून मोकळी व्हायची, "मी राह्यते घरी." आपणहून राहिलं की अपमान होत नाही, हे शहाणपण तिला फार लवकर आलं होतं.

या खेपेला मात्र तिचा जीव अडकला होता. रामप्रसादची बायको वंदना दिवसभर शेतात असायची, त्यामुळे शालू वाढली ती या आत्याच्या मांडीवर. लग्न ठरल्यावर शालूनंच बजावलं होतं, "आत्या, तू न्हाई आली तर मी बोहल्यावर चढणार न्हाई." कौसल्या हसली होती. नवं लुगडंही तिनं घेतलं होतं. आणि नेमकी हळदीच्या दिवशी म्हशीनं कास सोडली. गाभण म्हैस आज-उद्यावर आलेली, आता घरात राहायचं कुणी, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. सगळ्यांनी नुसतं कौसल्याकडे पाहिलं.

शालू चिडली, रडली आणि मग आत्याचाच फोन घेऊन तिच्यापाशी बसली. हळद लागलेल्या बोटांनी तिनं फोनवर दाखवलं.

"हे बघ. लग्न लाइव्ह दिसणारे. इथं दाबलं का थांबतं. आन् ही लाल रेघ बोटानं अशी मागं ओढली का मागचं पुन्हा दिसतं."

"म्हंजी मी थांबवलं तर तुमी तिकडं थांबता?"

"आमी कशाला थांबू?" शालू खळखळून हसली. "भटजी थांबतोय व्हय? फकस्त तुला थांबल्यावानी दिसतं." मग हसू आवरून म्हणाली, "आत्या, हार घातला का मी बराबर कॅमेऱ्याकडं बघीन. तव्हा तू अक्षता टाक. तुझ्या अक्षतांबगर माझं लगीन लागलं असं मी धरणार न्हाई."

ते वाक्य कौसल्यानं पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

म्हणून आज तिनं सकाळची कामं उरकली, आंघोळ केली, नवं लुगडं नेसली. ओसरीवर सतरंजी अंथरली. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि त्याच्यापुढं अक्षतांसाठी हळदीत रंगवलेल्या ज्वारीची ताटली ठेवली. पाव्हणी आल्यासारखी ती सतरंजीच्या एका कडेला बसली. बाकीची सतरंजी रिकामीच होती.

फोनमध्ये जालन्याचं मंगल कार्यालय दिसू लागलं. रामप्रसादच्या डोक्याला फेटा होता, तो त्याला मुळीच शोभत नव्हता. वंदना घामाघूम होऊन कुणाला तरी ओरडत होती. मग बँडवाल्यानं सूर धरला आणि मामाचा हात धरून शालू आली. अंगावर हिरवा शालू, मुंडावळ्या, खाली घातलेली मान. कौसल्यानं ज्वारी मुठीत घेतली.

आणि गोठ्यात म्हैस हंबरली.

म्हशीला कुठं मुहूर्त कळतो? कौसल्यानं आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा हंबरली तेव्हा त्या आवाजात कळ होती. तिनं ज्वारी ताटलीत टाकली, शिकवल्याप्रमाणे बोट दाबलं. एक पाऊल पुढं टाकलेली शालू तशीच उभी राहिली.

"थांब गं बाई, आलेच मी," म्हणत कौसल्या गोठ्याकडे पळाली.

ते 'आलेच' फार लांबलं. रेडकाचे पाय दिसत होते, पण म्हैस दमली होती. कौसल्यानं नव्या लुगड्याचा ओचा खोवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला शिव्या दिल्या, तिची मनधरणी केली. शेवटी दोन्ही हातांनी पाय धरून ओढलं तेव्हा रेडकू भुईवर आलं. रेडी होती. तिचं नाक पुसलं, गोणपाटानं अंग चोळलं, तिला कासेला लावलं. मग म्हशीला गूळ-बाजरी घातली. रेडकामागून पडणाऱ्या वारेची वाट पाहत बसावं लागलं, कारण ती वार म्हैसच खाऊन टाकते आणि कुत्रीही टपलेली असतात. सगळं निस्तरून, चीक काढून कौसल्या हातपाय धुऊन ओसरीवर आली, तेव्हा उन्हं पार कलली होती.

फोनचा पडदा काळा झाला होता. तिनं तो पुन्हा लावला, तर कार्यालयात खुर्च्या एकावर एक चढत होत्या. लग्न लागून गेलं होतं. आपल्या अक्षतांवाचून लागलं होतं. तिनं पटकन नजर फिरवली, जणू पाहिलं नाही तर घडलं नाही, आणि लाल रेघ मागं ओढली. पुढं गेली, मागं आली, आणि अखेर तीच शालू सापडली. एक पाऊल पुढं टाकलेली. बोट उचलताच ती चालू लागली.

"आले बघ मी," कौसल्या म्हणाली. तिनं मुठीत पुन्हा ज्वारी घेतली.

दिवसभर उपाशी असलेल्याला शिळं-ताजं कळत नाही. बँड वाजला, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे सगळं मागचं आहे हे कौसल्या विसरूनच गेली. प्रत्येक 'सावधान'ला तिचा हात थोडा वर जाई. एवढ्यात फोन थरथरला. पडद्याच्या वरच्या अंगाला शालूचा फोटो आला, नाव आलं.

कौसल्याला काही उमजेना. शालू तर अंतरपाटाआड उभी होती, दोन्ही हातांत हार. मग फोन कोण लावून राहिलं? पोरीचा फोन कुणा लेकराच्या हाती पडला असणार, खेळत असेल. हातातोंडाशी आलेला घास असा जाऊ द्यायचा का? तिनं लाल चिन्हावर बोट ठेवून फोन कापला. शेवटचं मंगलाष्टक लागलं, तर पुन्हा तेच.

"कोण हाये रे मेलं! जरा दम धर की," म्हणून तिनं पुन्हा कापला.

अंतरपाट दूर झाला. शालूनं हार घातला. आणि माणसांच्या त्या गर्दीत, टाळ्यांत, अक्षतांच्या पावसात तिनं मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. कौसल्यानं मूठ उघडली. पिवळी ज्वारी फोनवर पडली, डब्यावर पडली, सतरंजीभर उडाली. "सुखी राह्य माय," ती म्हणाली आणि रडली. इतक्या वर्षांत घर राखताना तिला असं भरून आलं नव्हतं. आपण लग्नाला होतो, असं तिला खरोखर वाटलं.

मग ती निवांत झाली. आहेर तिनं पाहिले, जेवणाच्या पंगती बोटानं पुढं ढकलल्या. पाठवणी लागली. फुलांनी सजवलेली गाडी कार्यालयाच्या दारात उभी होती, ती वाटूरला, शालूच्या सासरी जायची होती. शालू वंदनाच्या गळ्यात पडून रडत होती. एकाएकी ती बाजूला झाली, पर्समधून फोन काढला आणि कानाला लावला.

कौसल्या पुढं सरकली.

शालू वाट बघत उभी होती. मग तिनं फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला.

"आत्या कट करून राह्यली," ती वंदनाला म्हणाली. कॅमेरा जवळ होता, शब्द स्वच्छ ऐकू आले. "मम्मी, आत्या माझ्यावर रागावली का गं?"

"अगं, म्हशीपाशी असतीन त्या. चल बाई, पाव्हणे खोळंबले."

शालूनं फोन पर्समध्ये टाकला आणि डोळे पुसत गाडीत बसली. दार लागलं.

कौसल्यानं घाईघाईनं फोन लावला. चुकून आधी रामप्रसादलाच लागला, तो कापून शालूला लावला. फोन बंद असल्याचं एक बाई शांतपणे सांगत होती. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. पोरगी उद्या बोलेल, परवा बोलेल, चिकाची वडी खायला पाचपरतावनीला माहेरी येईलही. पण माहेराहून निघताना तिनं जी हाक मारली होती, ती आपण आपल्या बोटानं कापली, हे कौसल्याला काही केल्या गिळता येईना.

फाट्याकडून जीपचा आवाज येऊ लागला. आता घर भरेल, चहा टाकावा लागेल, कुणी तरी विचारील, म्हैस व्याली का? ती उठली नाही. तिनं डब्यावरची ज्वारी फुंकून बाजूला केली आणि लाल रेघ हळूच मागं ओढली. शालूनं पर्समधून फोन काढला, कानाला लावला, आणि वाट बघत उभी राहिली.

"हां बाई, बोल," कौसल्या फोनवर वाकून म्हणाली. "न्हाई गं, रागावले न्हाई. रेडी झाली, म्हून..."

तेवढ्यात शालूनं फोन कानावरून काढला. कौसल्या थांबली. तिनं रेघ पुन्हा थोडी मागं घेतली आणि राहिलेलं सांगू लागली.