दोनदा म्हणजे चढ

माळावरच्या त्या सात घरांना इंटरनेट द्यायचं म्हटलं की ऑफिसात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. वस्तीवर फोनला रेंज नाही, रस्ता कसला, नुसती पायवाट, आणि खांब लाकडी, आजोबांच्या वयाचे. तरी मुंगळा एकटा निघाला. बुटका लाइनमन, म्हणून मुंगळा. जोडीदार ताडमाड, म्हणून लंबू. तो वर्षापूर्वी याच लाइनवर गेला. स्वतःच्याच घरासमोरच्या खांबावर चढला, खांब मोडला आणि तो खाली आला.

रेंज नाही म्हणून दोघांची एक रीत होती. मुंगळ्यानं आधी पुढे जाऊन खांबन् खांब बुडाशी हातोडीनं ठोकून बघायचा. भरीव खांब ठक् वाजतो, कुजका बद्द. मग माळाखाली लाइन जिथून निघते त्या पेटीशी येऊन काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्ये, लाल टॉर्च लावायचा. वर तारेचं दुसरं टोक हातात धरून लंबू उभा. एकच लांब उजेड म्हणजे थांब. दोनदा लुकलुकला म्हणजे ठीक आहे, चढ.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेवटचा खांब वळणावरून सरळसोट दिसला आणि हा आळशी मुंगळा तिथूनच मागे फिरला. वर चौकशीत, "ठोकला होता साहेब, पक्का होता," म्हणून मोकळा! वहिनीलाही, म्हणजे लंबूच्या बायकोलाही, तेच सांगितलं. आज तिच्या घरात लाइन द्यायची, पोरीचा अभ्यास मार्गी लावायचा आणि गपगुमान खाली उतरायचं, एवढंच त्यानं मनाशी ठरवलेलं. न बोलता ऋण फिटलं तर बरंच.

भर दुपार होती. मोडक्या खांबाच्या जागी ठेकेदारानं त्याच जुन्या खांबांच्या ढिगातला दुसरा उभा केलेला. बुडाशी वर्षभर पडून असलेलं तारेचं वेटोळं मुंगळ्यानं उचललं, टोक सोललं आणि ओंजळीत धरलं.

लाल. लाल. विझलं. लाल. लाल. विझलं.

खाली पेटीला कुलूप होतं, त्यानंच लावलेलं. किल्ली खिशात. टॉर्च पिशवीत. त्यानं दोन्ही चाचपून पाहिलं. ओंजळीतला उजेड मात्र चालूच होता, दोनदा, दोनदा, लंबूला जशी घाई असायची तसा.

मुंगळ्यानं हातोडी काढली आणि खांबाच्या बुडाशी मारली.

बद्द.

"भावजी, अडलंय कुठे?" वहिनी उंबऱ्यात आली होती. "चढा की. हे नेहमी म्हणायचे, मुंगळ्यानं ठोकलेल्या खांबावर मी डोळे मिटून चढतो."

मुंगळ्याला रडूच कोसळलं. "वहिनी, त्या दिवशी तो खांब मी ठोकलाच नव्हता. वळणावरूनच परत गेलो. आणि दोनदा उजेड दिला."

वहिनी पायऱ्या उतरून आली, त्याच्या हातातलं तारेचं टोक स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि वाकून पाहिलं. ती खूण तिलाही ठाऊक होती. नवऱ्यानं घरात बसून किती वेळा सांगितलेली.

"मग चढा ना, भावजी," ती शांतपणे म्हणाली. "ते ठीक आहे म्हणतायत."